वाचकांचे प्रश्न : मेक्सिको सिटीत फुटबॉलचा सामना पाहायचाय

मेक्सिकोतला एखादा मोठा सामना मैदानात बसून पाहायचा, असं मनात घेतलेल्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. बहुतेकांचा रोख मेक्सिको सिटीकडे आहे, म्हणून या वेळची उत्तरं त्या शहराभोवतीच आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्हा चौघा मित्रांना मेक्सिकन लीगची फायनल पाहायची आहे. विमानाची तिकिटं सहा महिने आधी काढली तर स्वस्त पडतात. फायनलची तारीख आणि शहर आत्ताच कळेल का? — पुणे

नाही कळणार. आणि खरं सांगायचं तर फायनल धरून बेत आखूच नका.

मेक्सिकोच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, लीगा एमेक्समध्ये, एका हंगामात दोन स्वतंत्र स्पर्धा होतात. जुलै ते डिसेंबर ‘आपेर्तूरा’ आणि जानेवारी ते मे ‘क्लाउसूरा’. संघ १८, प्रत्येकाचे सामने १७. त्यानंतर वरच्या संघांची बाद फेरी, तिला तिकडे ‘लिगिया’ म्हणतात. बाद फेरीतली प्रत्येक लढत दोन सामन्यांची असते, एक याच्या मैदानावर, दुसरा त्याच्या. फायनलही तशीच, सहसा गुरुवारी आणि रविवारी. फायनलला कोण पोचलं हे सेमीफायनलचा दुसरा सामना संपल्यावर कळतं आणि शहर कोणतं हेही तेव्हाच. तोवर हाती उरतात तीन-चार दिवस. तुम्ही मेक्सिको सिटीत हॉटेल घेऊन बसाल आणि फायनल मोंतेरेला, रस्त्याने नऊशे किलोमीटरवर, असंही व्हायचं.

त्याऐवजी ‘क्लासिको नासिओनाल’ धरा. राजधानीतला क्लब अमेरिका विरुद्ध ग्वादालाहाराचा संघ, ज्याला सगळे चिवास म्हणतात. मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं वैर हेच. साखळीत प्रत्येक संघाशी एकदाच गाठ पडते आणि पुढच्या स्पर्धेत मैदान उलटतं. म्हणजे एका हंगामात हा सामना एकदा मेक्सिको सिटीत आणि एकदा ग्वादालाहारात. वेळापत्रक आलं की सगळ्यात आधी यजमान कोण ते बघा. विमानाचं तिकीट त्यानंतर.

शहर चुकण्याची भीतीच नको असेल तर ‘क्लासिको कापितालिनो’ बघा, क्लब अमेरिका विरुद्ध पूमास. पूमास हा तिथल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा संघ. दोघेही राजधानीचे, त्यामुळे यजमान कोणीही असो.

वेळापत्रकात तारीख छापली म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. टीव्हीसाठी सामना शनिवारचा रविवारी सरकतो, वेळ तर हमखास बदलते. म्हणून सामन्याच्या आधी दोन-तीन आणि नंतर दोन रात्री मोकळ्या ठेवा. बुधवारी पोचून मंगळवारी निघणं उत्तम. घरी फोन करण्यासाठी लक्षात ठेवा, मेक्सिको सिटीचं घड्याळ भारताच्या साडेअकरा तास मागे चालतं आणि २०२२ पासून तिथे उन्हाळी वेळेची भानगड राहिलेली नाही. शनिवारी रात्री नऊचा सामना भारतात रविवारी सकाळी साडेआठला दिसेल.

प्रश्न : माझ्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, धाकट्या भावाकडे कोणताच नाही. दोघांना मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल का? — नागपूर

तुम्हाला नाही, भावाला हो.

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन गटातल्या देशाचा चालू व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही. राहण्याची कमाल मर्यादा १८० दिवस. ‘चालू’ म्हणजे तुम्ही मेक्सिकोत उतरता त्या दिवशी चालू. व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत. भावाला मेक्सिकोच्या वकिलातीत स्वतः हजर राहून मुलाखत द्यावी लागेल. बँकेची स्टेटमेंट, नोकरीचा किंवा व्यवसायाचा पुरावा, परतीचा बेत हे सगळं लागतं. बहुतेक वेळ जातो तो अपॉइंटमेंट मिळवण्यात. ती हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

लोक अडकतात ते विमानाच्या मार्गात. अमेरिकेतल्या विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो, कारण तिथे प्रत्येक प्रवाशाला आधी इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं. तेव्हा ह्यूस्टन किंवा डॅलसमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी ते भावाच्या कामाचं नाही. युरोपात नियम देशागणिक निराळे आहेत आणि बदलत असतात, तिकीट काढण्याआधी त्या देशाचा ट्रान्झिट नियम तपासा. इस्तंबूलमार्गे जाणं त्याला सोपं पडेल. विमानतळाबाहेर न पडता तिथे विमान बदलायला तुर्कस्तानचा व्हिसा लागत नाही. परतताना हेच विमान कान्कूनला थांबतं. मेक्सिको सिटीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत इस्तंबूलपर्यंतचं इंधन आणि भरलेलं विमान एकदम उचलत नाही, म्हणून खाली समुद्रकाठी येऊन टाकी भरली जाते. परतीचा प्रवास लांबलेला दिसला तर कारण एवढंच.

उतरल्यावर दोन गोष्टी सांभाळा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि सामन्याचं तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. आणि पासपोर्टवर शिक्का बसला की किती दिवस दिलेत ते खिडकीसमोर उभं असतानाच वाचा. १८० ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात किती द्यायचे ते अधिकारी ठरवतो.

शहराला दोन विमानतळ आहेत हेही ध्यानात असू द्या. बेनितो हुआरेस शहरातच आहे. २०२२ साली सुरू झालेला फेलिपे आन्हेलेस उत्तरेला बराच लांब, तिथून क्लब अमेरिकाच्या अझ्टेका स्टेडियमला यायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. देशांतर्गत विमान घेणार असाल तर कोणत्या विमानतळाचं तिकीट आहे ते नीट वाचा.

प्रश्न : तिकिटावर ‘एस्तादिओ बानोर्ते’ लिहिलंय. आम्हाला तर अझ्टेका पाहायचंय! — सोलापूर

तेच ते. २०२५ मध्ये एका बँकेचं नाव लागलं, आणि २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी फिफाने प्रायोजकांची नावं काढून त्यालाच ‘मेक्सिको सिटी स्टेडियम’ केलं. टॅक्सीवाल्याला अझ्टेकाच सांगा.

पेद्रो रामिरेस वास्केस या आर्किटेक्टने बांधलेलं हे मैदान २९ मे १९६६ ला खुलं झालं. १९७० ची फायनल इथे पेलेच्या ब्राझीलने इटलीला ४-१ हरवून जिंकली, १९८६ ची मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला ३-२ हरवून. मॅराडोनाचा हाताने मारलेला गोल आणि पाच इंग्लिश खेळाडूंना चकवून मारलेला गोल, दोन्ही इथलेच, २२ जून १९८६ चे, अवघ्या चार मिनिटांच्या अंतराने. ११ जून २०२६ चा सलामीचा सामना धरला तर तीन पुरुष वर्ल्ड कपचे सामने भरवणारं हे पहिलंच स्टेडियम. चापुल्तेपेकमधलं मानववंशशास्त्र संग्रहालयही याच रामिरेस वास्केसचं. मोकळ्या दिवशी ते जरूर पाहा, फक्त सोमवारी नको, त्या दिवशी ते बंद असतं.

एक खबरदारी. २०२४ मध्ये अझ्टेका दुरुस्तीसाठी बंद झालं तेव्हा क्लब अमेरिकाचे सामने शहरातल्या दुसऱ्याच मैदानावर गेले होते. त्यामुळे ‘अमेरिका यजमान म्हणजे अझ्टेका’ असं गृहीत न धरता तिकिटावरचं मैदान वाचायची सवय ठेवा.

प्रश्न : तिकीट कुठून घ्यावं आणि कुठे बसावं? बरोबर दहा वर्षांची मुलगी आहे. — ठाणे

क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरून जी विक्रीची लिंक जाते, तिथूनच. गूगलवर शोधलं की वरचे निकाल बहुतेक वेळा पुनर्विक्री करणाऱ्यांचे असतात आणि ते पानच अधिकृत असल्यासारखं सजवलेलं असतं. भारतीय कार्ड अडलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का पाहा. दहातल्या आठांची अडचण तिथेच असते.

तिकीट मोबाइलवर येतं आणि त्यावरचा कोड बरेचदा काही सेकंदांनी बदलत राहतो, म्हणून स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. फोन पूर्ण चार्ज हवा आणि डेटा चालू हवा. गर्दीत नेटवर्क बसतं, तेव्हा रांगेत शिरण्याआधीच तिकीट उघडून ठेवा. चौघांची तिकिटं एकाच फोनमध्ये ठेवू नका, ज्याची त्याला पाठवून द्या. गेटवर ताटातूट झाली तर फोनवाला आत आणि बाकीचे बाहेर, अशी गत होते.

५ मार्च २०२२ ला केरेतारोच्या मैदानात प्रेक्षकांत भयंकर हाणामारी झाली. त्यानंतर लीगने प्रेक्षकांसाठी ‘फॅन आयडी’ नावाची नोंदणी आणली. ओळखपत्र, परदेशी माणसाला पासपोर्ट, आणि चेहऱ्याचा फोटो देऊन कोड मिळवायचा. तुमच्या सामन्याच्या तिकीट-पानावर तिचा उल्लेख असेल तर ती घरूनच उरकून घ्या. स्टेडियमच्या दारात, उन्हात, मोबाइलच्या पडद्यावर पासपोर्टचा फोटो काही केल्या नीट येत नाही.

जागेबद्दल : गोलच्या मागच्या भागाला ‘काबेसेरा’ म्हणतात. कट्टर समर्थकांचे गट, ‘बारा’, तिथेच असतात. नव्वद मिनिटं उभ्याने, ढोल, धक्काबुक्की, आणि गोल झाला की वरून बिअरचे ग्लास. मुलीला घेऊन तिथे अजिबात नको. मैदानाच्या लांब बाजूला, ‘लातेराल’मध्ये घ्या. अगदी खालच्या रांगा महाग असून तिथून खेळाची रचना कळत नाही, आणि त्या छपराबाहेर येतात. आमच्या मते वरच्या मजल्याच्या पुढच्या रांगा सगळ्यात चांगल्या. वरच्या मजल्याच्या मागच्या रांगांपर्यंतची चढण उभी आहे, गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी ती टाळावी.

काचेमागच्या खासगी खोल्या, म्हणजे ‘पाल्को’, विकत मिळतील या आशेवर राहू नका. स्टेडियम बांधताना पैसा उभा करायला त्या ९९ वर्षांच्या हक्काने विकल्या गेल्या आणि आज कुटुंबाकुटुंबांत वारशाने चालत आल्यात.

कपडे पांढरे, करडे, काहीतरी मधले. क्लब अमेरिकाचा रंग पिवळा, चिवासचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. हौसेने चिवासचा टी-शर्ट घालून अमेरिकाच्या समर्थकांत जाऊन बसणं म्हणजे विकतचं दुखणं.

प्रश्न : हॉटेल स्टेडियमजवळ घ्यावं की शहरात? आणि रात्रीचा सामना संपल्यावर परत कसं यायचं? — नाशिक

या एका प्रश्नावर अख्खी सहल ठरते, म्हणून जरा सविस्तर.

स्टेडियम शहराच्या दक्षिणेला सान्ता उर्सुला भागात आहे. तिथे मुक्काम करण्यात राम नाही, सामन्याचे दोन-तीन तास सोडले तर पर्यटकाने तिथे करण्यासारखं काही नाही. मुक्काम मेट्रोच्या निळ्या २ क्रमांकाच्या लाइनवर शोधा. जुन्या शहरात, म्हणजे सोकालो, आयेन्दे, बेयास आर्तेस या स्टेशनांजवळ राहिलात तर एकही गाडी न बदलता दक्षिणेच्या शेवटच्या स्टेशनवर, तास्केन्याला पोचता. शांत भाग हवा असेल तर कोयोआकान आणि त्याच लाइनवरचं हेनेराल आनाया. रोमा किंवा कोन्देसात राहणाऱ्यांनी गुलाबी १ क्रमांकाच्या लाइनवर इन्सुर्हेन्तेसला चढून पिनो स्वारेसला २ क्रमांकाची पकडायची. प्रत्येक मेट्रो स्टेशनला स्वतःचं चित्र आहे. ते ओळखायला शिकलात की स्पॅनिश नावं वाचायची धडपड संपते.

तास्केन्याला मेट्रोतून बाहेर न भटकता ‘त्रेन लिहेरो’चे फलक धरून चाला. ही जमिनीवरून धावणारी छोटी गाडी सोचिमिल्कोपर्यंत जाते आणि मधे थेट स्टेडियमच्या स्टेशनवर थांबते. स्टेशन ‘एस्तादिओ अझ्टेका’ म्हणूनच ओळखलं जातं. मेट्रोचं भाडं कितीही अंतराला ५ पेसो, या गाडीचं ३. म्हणजे माणशी जाऊन-येऊन १६ पेसो, दोघांचे ३२. मेट्रोच्या कार्डात सुरुवातीलाच ५० भरून टाका. एकाच कार्डावर पाठोपाठ दोघं-तिघं आत जाऊ शकतात. पैसे भरायचं काम परतीवर ठेवणारे सामन्यानंतर मशीनसमोरच्या रांगेत उभे दिसतात, आणि नेमकी तीच वेळ महाग असते.

महाग का, ते बघा. सामना रात्री नऊचा असेल तर जादा वेळ धरून शिट्टी वाजेपर्यंत अकरा वाजत येतात. मेट्रो मध्यरात्री बंद. हजारो माणसं एकदम त्या छोट्या गाडीच्या फलाटाकडे वळतात, रांगेतच अर्धा तास सहज जातो. त्यात मे ते ऑक्टोबर हा पावसाळा. पाऊस बहुधा संध्याकाळी येतो आणि विजा कडाडू लागल्या की पंच सामना थांबवतात. तो अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा सुरू झाला की मेट्रो गेलीच म्हणून समजा.

यावर दोनच उपाय. एक, निकाल ठरल्यासारखा असेल तर पंच्याऐंशीव्या मिनिटाला उठायचं. जीवावर येतं, पण तास्केन्याला पोचेपर्यंत डबा रिकामा मिळतो. दुसरा, अजिबात घाई न करता अर्धा-पाऊण तास आतच बसायचं आणि मग ॲपवरची गाडी बोलवायची. उबर, दिदी दोन्ही चालतात. मात्र गाडी स्टेडियमच्या दारात बोलवू नका. काल्सादा दे त्लाल्पान हा मोठा रस्ता तेव्हा तुंबलेला असतो, ड्रायव्हर फेरी रद्द करतो आणि दर चढत राहतो. गर्दीच्या लोंढ्याबरोबर उजेडाच्या मुख्य रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं चाला आणि एखाद्या उघड्या दुकानासमोर किंवा पेट्रोल पंपावर गाडी बोलवा. आडगल्ल्यांत शिरू नका. बाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत येणाऱ्यांबरोबर तर मुळीच जाऊ नका. गाडीत बसण्याआधी नंबर प्लेट जुळवा.

जाताना सामन्याच्या अडीच तास आधी तास्केन्याला असावं. गर्दीच्या वेळी मेट्रोचे पुढचे डबे स्त्रिया आणि मुलांसाठी राखीव असतात, कुटुंबाची ताटातूट होऊ नये म्हणून भेटायचं ठिकाण आधीच ठरवा. सोकालो चौकात मोर्चा असला की तिथलं स्टेशन बिनदिक्कत बंद करतात. मग आयेन्दे किंवा पिनो स्वारेसपर्यंत पायी.

पूमासच्या घरचा सामना असेल तर गणित वेगळं. त्यांचं ऑलिम्पिक स्टेडियम विद्यापीठाच्या आवारात आहे. मेट्रोच्या ३ क्रमांकाच्या लाइनने कोपिल्को किंवा उनिवेर्सिदाद, नाहीतर इन्सुर्हेन्तेस रस्त्यावरची मेट्रोबुस १. त्यांचे घरचे सामने परंपरेने रविवारी दुपारी बाराला, त्यामुळे परतीची चिंता नाही. टॅक्सीने निघणार असाल तर रविवारी सकाळी रेफोर्मा हा मुख्य रस्ता सायकलींसाठी बंद असतो, वळसा पडेल. दर्शनी भागावरचं दिएगो रिवेराचं दगडांतलं भित्तिशिल्प आत शिरण्याआधीच पाहून घ्या.

प्रश्न : स्टेडियममध्ये काय नेता येत नाही? — छत्रपती संभाजीनगर

पाठीवरची सॅक, छत्री, सेल्फी स्टिक, बाटल्या, परफ्यूम, लायटर. आणि भारतीय माणूस हटकून फसतो ती वस्तू म्हणजे कमरेचा पट्टा. मेक्सिकोतल्या बऱ्याच मैदानांवर पट्टा आत सोडत नाहीत, कारण भांडणात बक्कल शस्त्रासारखं वापरलं जातं. दारात पट्टे टाकून दिलेले दिसतात, आणि आत जाणारी मंडळी एका हाताने पँट धरून चालताना. नाडीची किंवा इलॅस्टिकची पँट घाला. पॉवर बँकेचं तिकिटावरच्या सूचनांत पाहा, काही ठिकाणी तीही अडवतात, आणि फोनमध्येच तिकीट असल्यामुळे ही अडचण दुहेरी होते. सामान ठेवायला जागा मिळेल असं धरून चालू नका.

छत्री चालत नाही म्हणजे पावसाळ्यात प्लास्टिकचा पातळ रेनकोट, घडी करून खिशात. पाऊस आला की स्टेडियमबाहेर तोच मनाला येईल त्या भावाने विकतात. रात्री गारठाही असतो. जूनमध्येसुद्धा पारा बारा-तेरा अंशांवर येतो, एक जाकीट हवंच.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. उंचीचा त्रास होईल का? — सातारा

शहर सुमारे २,२४० मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढा कमी. धडधाकट माणसालाही पहिले दोन दिवस डोकं जड होणं, जिना चढताना धाप लागणं, रात्री मधेच जाग येणं हे होतं. वडिलांच्या डॉक्टरांना निघण्याआधी दाखवून या आणि गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन बरोबर घ्या. बाकी साधे नियम : पोचल्या दिवशी सामना नको, किमान दोन रात्री मधे जाऊ द्या. पाणी भरपूर, पहिल्या दिवशी जेवण हलकं, दारू नाही. स्टेडियममध्ये खालच्या मजल्याचं तिकीट घ्या आणि गर्दीच्या आधी, थांबत थांबत आत जा. बसूनही धाप कमी होत नसेल, छातीत दुखत असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल तर वाट न पाहता ९११ ला फोन करा.

उन्हाला हलकं घेऊ नका. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण दहा टक्के वाढतात. हवा गार असल्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही. दुपारच्या सामन्याला टोपी आणि सनस्क्रीन हवंच.

याच विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून इथे लांबून मारलेले फटके गोलकीपरला चकवतात. पूमासच्या त्याच स्टेडियममध्ये १९६८ च्या ऑलिम्पिकला बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. त्यातही या हवेचा थोडा वाटा होता.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहू का? — सांगली

उपाशी नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. तिथे ‘मांस नको’ म्हटलं की बीफ-पोर्क वगळतात, चिकन बरेचदा तसंच राहतं. आणि दिसायला शाकाहारी पदार्थातच खरी फसगत आहे. घोटलेला राजमा डुकराच्या चरबीत परततात, तिला ‘मान्तेका’ म्हणतात. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, तामाल या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठातही चरबी घालतात. तेव्हा ऑर्डर देताना एक वाक्य पाठ हवं : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, चरबी काही नको. अंड्यासाठी ‘सिन वेवो’, मेयोनीजसाठी ‘सिन मायोनेसा’.

रस्त्यावर काय चालेल? त्लाकोयो : निळ्या मक्याच्या पिठाचा लांबट, जाडसर ऊनऊन गोळा, आत राजमा, वालासारखा ‘हाबा’ किंवा ताजं चीज, वर निवडुंगाच्या भाजलेल्या फोडी. आतला राजमा चरबीतला आहे का ते विचारा, शंका वाटली तर ताज्या चीजचा, ‘रेकेसोन’चा मागा. केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी, भोपळ्याच्या फुलांची, मशरूमची किंवा मक्यावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीची, ‘विट्लाकोचे’ची घ्या. या शहरात केसादियात चीज आपोआप येत नाही, ‘कोन केसो’ सांगावं लागतं. तव्यावर भाजलेली मागा, तळलेलीचं तेल कशाचं ते कळत नाही. कापलेला आंबा, काकडी, हिकामा नावाचा कंद यांवर लिंबू-तिखट घालून ग्लासात देतात, ते बिनधोक. मक्याचे दाणे, ‘एस्कितेस’, मात्र काही ठिकाणी कोंबडीच्या पायांबरोबर उकडतात. पातेल्यात डोकावून बघायला लाजू नका.

नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासायलाही बाटलीचंच. स्टेडियममध्ये तुमच्या कामाचं फारसं काही मिळणार नाही. तास्केन्याला जाण्याआधी पोटभर जेवून घ्या.

प्रश्न : पैसे डॉलरमध्ये न्यावेत की कार्ड पुरेल? — अमरावती

दोन्ही. रुपये तिथे बदलून मिळायची आशा सोडा. थोडे डॉलर जवळ ठेवा आणि बाकी फॉरेक्स कार्डाने बँकेच्या आतल्या एटीएममधून पेसो काढा. एटीएम मधेच ‘तुमच्या चलनात रक्कम दाखवू का’ असा पर्याय देतं, तो नाकारा. त्यातला दर नेहमी पडेल असतो. किमतींपुढे डॉलरसारखं चिन्ह दिसलं तरी ते पेसोचंच.

नोटा बघून द्या. ५०० ची नवी नोट निळी आणि तिच्यावर बेनितो हुआरेस, २० ची जुनी नोटही निळी आणि तिच्यावरही बेनितो हुआरेस. अंधारात, गर्दीत, बिअरवाल्याला २० समजून ५०० देणारे कमी नाहीत. दोन्ही वेगवेगळ्या खिशांत ठेवा. छोट्या गाड्यांवर ५०० मोडून मिळत नाहीत, ऑक्सो नावाच्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात मोडा. मोबाइलचं स्थानिक सिमही तिथेच मिळतं. हॉटेलात बसून जेवलात तर दहा ते पंधरा टक्के टिप.

प्रश्न : भूकंपाची भीती वाटते. सामना चालू असताना झाला तर? — रत्नागिरी

शहरभर भोंगे बसवलेले आहेत. किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला की धक्का पोचायच्या आधी ते वाजतात, कधी मिनिटभर आधी, कधी काही सेकंद. केंद्र जवळ असेल तर, २०१७ सारखं, जवळजवळ वेळच मिळत नाही. स्टेडियममध्ये असाल तर जागेवर बसा, डोकं झाका, जिन्याकडे धावू नका. चेंगराचेंगरी हा भूकंपापेक्षा मोठा धोका आहे. हॉटेलात खालच्या मजल्यावर असाल तर बाहेर पडा, वर असाल तर काचांपासून दूर, खांबाजवळ थांबा. लिफ्ट नाही. १९८५ आणि २०१७ चे दोन्ही मोठे भूकंप १९ सप्टेंबरचे, आणि दर वर्षी त्या दिवशी देशभर सराव होतो. तेव्हा तिथे असाल तर भोंगा ऐकून घाबरू नका, पण लोकांबरोबर बाहेर मात्र या.

प्रश्न : सामन्यात सगळे एकदम काहीतरी ओरडतात ते यूट्यूबवर ऐकलं. आपणही ओरडावं का? — जळगाव

बाकी सगळं ओरडा. पण विरोधी गोलकीपर गोलकिक घेतो तेव्हाची ती एका शब्दाची आरोळी समलैंगिकांचा अपमान करणारी आहे. तिच्यावरून फिफाने मेक्सिकोच्या संघटनेला वारंवार दंड केला आहे, रिकाम्या स्टेडियममध्ये सामने खेळायला लावले आहेत. ती उठली की पंच सामना थांबवू शकतात, आणि ओरडणाऱ्याला सुरक्षारक्षक बाहेर काढतात. अर्थ कळला नव्हता, हे कारण गेटवर चालत नाही.